लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत: ‘कुटुंब आणि सार्वजनिक जीवन’ पहिल्यांदाच शिकवणाऱ्यांसाठी

समाजकार्य, पत्रकारिता किंवा राज्यशास्त्राच्या वर्गात ‘कुटुंब आणि सार्वजनिक जीवन’ हा घटक बहुतेक वेळा नव्याने रुजू झालेल्याच्या गळ्यात पडतो. ज्येष्ठ मंडळींना वाटतं, यात शिकवायचं काय, कुटुंब तर सगळ्यांनाच असतं. खरी अडचण तीच आहे. समोरचा प्रत्येक जण या विषयात मुरलेला असतो, म्हणूनच त्याला त्यातलं काही दिसत नाही. माझ्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकत्र आणि विभक्त कुटुंबाच्या व्याख्या लिहिल्या आणि म्हटलं, ‘आता आपापल्या घराबद्दल सांगा.’ चौथ्या बाकावरची मुलगी पाणी प्यायला म्हणून गेली ती परत आलीच नाही. वडील घर सोडून गेलेत हे तिला चाळीस जणांसमोर सांगायचं नव्हतं. मला ते महिनाभराने कळलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. वर्गात कोणालाही स्वतःच्या घराबद्दल विचारायचं नाही. सुरुवात कागदांपासून करायची. ज्याला स्वतःचं सांगायचं असतं तो आपण होऊन सांगतो, आणि ते बहुधा तास संपल्यावर, दाराशी.

आधी पिशवी भरा

पहिल्या तासाच्या आठवडाभर आधी कागद गोळा करायला लागा. खेड्यातली एक आणि शहरातली एक लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स, मयत खातेदाराचं नाव अजून तसंच असलेला एक सातबारा, एखाद्या योजनेचा शासन निर्णय आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो. नावं, क्रमांक, पत्ते काळ्या शाईने खोडून मगच झेरॉक्स काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला फाटा देऊ नका. एकदा घाईत एक गट नंबर खोडायचा राहिला, आणि प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी एकाने तो वाचून ‘अहो, ही तर आमच्या साडूची जमीन’ म्हणून सांगितलं. पुढचा अर्धा तास साडूच्या जमिनीवर गेला.

पहिला तास: लग्नपत्रिका

चार-चार जणांच्या गटाला एकेक पत्रिका द्या आणि ती जाहीरनाम्यासारखी वाचायला सांगा. वधूवरांची नावं मोठ्या अक्षरांत असतात, ती सोडून द्यायची. खरा मजकूर बारीक अक्षरांत असतो. सगळ्यात वर कोणत्या ‘कै.’ची नातवंडं म्हणून ओळख करून दिली आहे? ‘प्रमुख उपस्थिती’त आमदार आधी आहेत की कारखान्याचे चेअरमन? ‘स्वागतोत्सुक’ मंडळींत कोणत्या आडनावाची रांग लांब आहे? बायकांची नावं कुठे आहेत, आणि ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘श्रीमती’ यांतलं काय कोणाला लावलंय? ‘किलबिल’मधल्या पोरांत मुलीच्या मुलांची नावं आहेत, की फक्त मुलाच्या?

वीस मिनिटांत फळा भरतो. मग मधोमध एक रेघ मारा. एका बाजूला भावकी, दुसऱ्या बाजूला सोयरे. भावकी जन्माने मिळते, सोयरीक जुळवावी लागते. गावात दोन्हींची वजनं वेगळी असतात. बांधाचं भांडण भावकीशी होतं आणि ते मिटवायला पाहुणे येतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री ज्या घरांत चहा होतो ती घरं या दोन याद्यांतलीच असतात. शहरातल्या मुलांना हे नवं वाटतं. मग त्यांच्यासमोर त्यांचीच पत्रिका ठेवा. तिथे आमदाराच्या जागी कंपनीतले साहेब असतात, एवढाच फरक.

इथेच ‘सगेसोयरे’ या शब्दावर थांबा. घरातला साधा शब्द. २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य सरकारने कुणबी दाखल्यांच्या नियमांत ‘सगेसोयरे’ची व्याख्या घालणारा मसुदा काढला आणि पुढचे कित्येक महिने अख्खं राजकारण या एका नात्याच्या शब्दाभोवती फिरलं. सोयरीक म्हणजे नेमकी कोणती, कुठल्या पिढीपर्यंत, सजातीय विवाहातलीच की कशीही, यावर मंत्रालयात आणि पारावर एकाच वेळी वाद चालू होते. आरक्षण हवं की नको, या वादात वर्गाला शिरू देऊ नका. तो वाद त्यांना तुमच्याशिवायही घालता येतो. विचारायचं ते इतकंच: नात्याची व्याख्या करण्याचा अधिकार कोणाचा? भटजीचा, जातपंचायतीचा, की सामाजिक न्याय विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याचा?

दुसरा तास: हे घर किती कुटुंबांचं?

हा माझा सगळ्यात आवडता तास आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एक काल्पनिक घर फळ्यावर मांडा. सत्तर वर्षांची विधवा आजी. थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची तेवीस वर्षांची अविवाहित मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा. धाकटा मुलगा पुण्यात कंपनीत, त्याची बायको मात्र गावी. शिवाय नवऱ्याने टाकलेली आजीची मुलगी, माहेरी परतलेली. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र. प्रश्न एकच: ही किती कुटुंबं?

वर्ग एका सुरात ‘एक’ म्हणतो. मग एकेक कागद काढा.

जनगणना चूल बघते. जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. त्यांचं रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. धाकटा तिकडे पुण्याच्या खोलीत मोजला जातो. पीएम-किसानच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अल्पवयीन मुलं. म्हणजे आजी वेगळी झाली आणि तेवीस वर्षांची नातही बाहेर गेली. ‘लाडकी बहीण’ योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. वयाची अट २१ ते ६५ आणि घरातली एकच अविवाहित स्त्री पात्र. नात पुन्हा आत आली, तिला आणखी एक अविवाहित बहीण असती तर दोघींपैकी एकीलाच पैसे मिळाले असते, आणि आजी वयामुळे बाहेरच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या स्त्रीचं नाव लागतं. तिथे हीच आजी घराची मालकीण!

टाकलेल्या मुलीपाशी मुद्दाम रेंगाळा. ती चुलीला आहे. रेशनकार्डावर बहुधा नाही, कारण तिचं नाव सासरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं. योजनांत ती ‘परित्यक्ता’ या रकान्यात येते, पण तो रकाना भरायला कागद लागतो, आणि नवऱ्याने टाकल्याचा दाखला नवरा थोडाच देणार? सगळ्या व्याख्यांमधल्या फटींत पडणारी ती एकटी. वर्गातल्या कोणी तरी हे आपणहून बोलून दाखवेपर्यंत गप्प बसा. दर वेळी कोणी तरी बोलतंच.

मग बाण उलटा फिरवा. आतापर्यंत सरकार कुटुंबाला कसं मोजतं ते पाहिलं. आता कुटुंब सरकारकडे बघून स्वतःला कसं वळवतं ते बघायचं. अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डावर धान्य कार्डामागे ३५ किलो, माणसं दोन असोत की आठ. त्याखालोखालच्या ‘प्राधान्य’ कुटुंबाला माणशी ५ किलो. मनरेगाच्या २००५च्या कायद्यात १०० दिवसांची हमी कुटुंबाला होती, माणसाला नव्हे. या आकड्यांसमोर दोन भावांनी ‘चूल वेगळी’ दाखवावी की एकत्र, याचा हिशेब मुलांना करायला लावा. कागदावर वेगळी झालेली आणि भाकरी एकाच तव्यावर भाजणारी घरं गावोगाव आहेत. याला लबाडी म्हणायचं की शहाणपण, यावर वर्गात दोन तट पडतात. पडू द्या.

सरकारी नोकरांचं प्रशिक्षण असेल तर ‘लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र’, म्हणजे दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं लेखी, हा कागद त्यांच्या स्वतःच्या फायलीत असतो. स्थानिक निवडणुकांतही सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्यामुळे उमेदवारी जाते. लोकप्रतिनिधी कोण व्हावा हे पाळण्यावरून ठरतं. अशा प्रसंगी गावात बाळाची जन्मतारीख, दत्तकपत्र, कधी कधी काडीमोडसुद्धा कसा चर्चेत येतो, ते तुमच्यापेक्षा तलाठी-ग्रामसेवक चांगलं सांगतील.

तिसरा तास: वंशावळ आणि सातबारा

जातपडताळणीसाठी अर्ज केलेल्या मुलांनी वंशावळीचं शपथपत्र आधीच केलेलं असतं, म्हणून हात वर करायला सांगायला हरकत नाही. नमुना म्हणून एक कोरी वंशावळ दाखवा: पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार. आणि विचारा, ‘यात आई कुठे आहे?’ मग शांतता पसरते. सरकारदरबारी सगळ्यात जपून ठेवलेला कुटुंबवृक्ष हा फक्त बापाच्या बाजूचा असतो. याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात बंधनकारक झाला आहे. नावात आई आली, वंशावळीत अजून यायची आहे.

सातबारा शहरी मुलांना वाचता येत नाही, म्हणून दहा मिनिटं फक्त वाचायला शिकवा. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ दिसेल: एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारल्यावर थोरल्या भावाचं नाव असं लागायचं, बाकी भावंडं त्या तीन अक्षरांमागे अदृश्य व्हायची, आणि तीस वर्षांनी मॅनेजरच्या मुलांना ती जमीन आपलीच वाटू लागायची. दिवाणी कोर्टातल्या कितीतरी वाटपाच्या दाव्यांची सुरुवात या तीन अक्षरांत आहे. वारसांच्या नोंदी वर्षानुवर्षं लागत नाहीत, म्हणून तर २०२५ मध्ये महसूल विभागाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

कायदा थोडक्यात सांगा, कारण तो पुस्तकात आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलार्जित मालमत्तेत सहदायक, म्हणजे मुलांच्या बरोबरीचं वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर दुरुस्ती आली. ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. इतकं पुरे. पुस्तकात नसतं ते हक्कसोडपत्र. बहिणीने भावाच्या नावे सही करून हिस्सा सोडायचा. सही मागायला कोणी धाक घालत नाही. भाऊबीजेला गेलं की विषय निघतो, ‘तुला माहेर हवं की वावर?’ एवढं म्हटलं की झालं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या त्या सहीत कायदा पूर्ण पाळला जातो आणि हेतू पूर्ण हरतो. कायदे घरात शिरताना उंबऱ्यावर काय होतं, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तुलनेला गोवा हाताशी आहे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीने, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्तेत नवराबायको दोघांचाही अर्धा-अर्धा वाटा मानतात, आणि घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यात अंतर किती? वर्गाला विचारा की तेवढ्या अंतरात नवराबायकोचं भांडण वेगळं होत असेल का. उत्तर मला माहीत नाही, पण चर्चा छान होते.

चौथा तास: घराणी, शिव्या न देता

‘घराणेशाही’ हा शब्द फळ्यावर लिहिलात की तास संपला. प्रत्येक जण आपल्या नावडत्या पक्षाचं घराणं मोजू लागतो. म्हणून शब्द टाळा आणि नकाशा काढा. किमान दोन परस्परविरोधी पक्षांतली घराणी घ्या आणि चार रंगांचे खडू: रक्ताचं नातं, लग्नाचं नातं, संस्थेचं नातं, आणि मानलेलं नातं.

विखे पाटलांचं उदाहरण उपयोगी पडतं, कारण त्यात संस्था स्वच्छ दिसते. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे बाळासाहेब खासदार आणि केंद्रात मंत्री, राधाकृष्ण राज्यात मंत्री, त्यांच्या पत्नी शालिनीताई जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष, मुलगा सुजय २०१९ मध्ये खासदार आणि २०२४ मध्ये पराभूत. या काळात घराने पक्ष बदलले, कारखाना आणि शिक्षणसंस्था मात्र जागच्या जागी. मुलांना विचारा, मतदार चार पिढ्यांत नेमकं कोणाशी बांधलेला होता: पक्षाशी, माणसाशी, की उसाच्या तोडीच्या तारखेशी?

बारामतीत दुसरीच गोष्ट दिसते. शरद पवारांची आई शारदाबाई १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. घराण्याची सुरुवात सांगताना हे नाव बहुतेक जण गाळतात. आणि २०२४ मध्ये लोकसभेला नणंद-भावजय, विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर उभे राहिले. दिवाळी-पाडव्याला एका दारात जमणारा कार्यकर्ता त्या वर्षी कुठल्या दारात जायचं म्हणून अडखळला. घर फुटलं की मतदारसंघातली भावकीही फुटते, कारण तिनेही स्वतःला त्याच घराचा भाग मानलेलं असतं. दादा, ताई, आबा, अण्णा, साहेब: चौथा खडू याच शब्दांसाठी आहे. ज्याला ‘दादा’ म्हटलं त्याच्याकडे हक्काने दवाखान्याचं बिल घेऊन जाता येतं. ‘मा. आमदार महोदय’ म्हटलं की अर्ज करावा लागतो.

एक सावधगिरी. स्थानिक नेत्याचं घराणं शक्यतो निवडू नका. पहिल्या बाकावर त्याचा भाचा बसलेला असतो.

पाचवा तास: घरातून बाहेर आलेली सुधारणा

चार तास हिशेब आणि भांडणं झाल्यावर मुलं वैतागतात: म्हणजे कुटुंब हे फक्त वाटे आणि सत्ता जपण्यापुरतंच का? इथे कर्व्यांचं घर काढा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या गावाने, मुरुडने, बहिष्कार घातला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. मुलगा रघुनाथने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. दुसऱ्या मुलाची, दिनकरची, बायको इरावती. त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर पायाभूत संशोधन केलं. लग्न कोणाशी करावं, मुलं किती व्हावीत, नातं म्हणजे काय: तिघांचे तीन विषय, आणि तिन्ही या अभ्यासक्रमाचे.

मात्र हे घर आदर्श म्हणून मांडू नका. विचारायचा प्रश्न असा की बहिष्काराची किंमत रोज कोणी मोजली? सार्वजनिक कामाला निघालेल्या माणसामागे घर कोणी चालवलं? फुल्यांनी १८४८ मध्ये शाळा काढली, वर्षभरात जोतिराव आणि सावित्रीबाई दोघांनाही वडिलांचं घर सोडावं लागलं. इथे घर सोडणं हीच सुधारणेची पहिली पायरी ठरली. कर्वे आणि फुले एकाच तासात घेतले की जातीचा मुद्दा आपोआप येतो. तो टाळू नका.

नोकरदारांचा वर्ग असेल तर

अधिकारी, पत्रकार, परिचारिका, ग्रामसेवक यांना इतिहास कमी आणि प्रसंग जास्त द्या. सर्वांत चालतो तो सरपंचबाईंचा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना आल्या, आणि खुर्चीच्या शेजारी नवरा आला. ‘सरपंच पती’ची नक्कल सगळ्यांना जमते, हशा पिकतो, शिकायला काही मिळत नाही. म्हणून नाटुकलं करू नका, प्रश्न बदला. नवरा का आला हे विचारण्याऐवजी त्यांनी आपल्या कार्यालयाची वही उघडावी: सरपंचबाईंच्या नावापुढे लिहिलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? बैठकीचा निरोप कोणाला जातो? सभा सकाळी नळाला पाणी येतं त्या वेळेला ठेवली आहे का? ग्रामसभेआधी व्हायची महिलांची सभा खरोखर होते, की तिच्या नावाने नुसता ठराव लिहिला जातो? नवऱ्याला सत्तेवर बसवण्यात कार्यालयाचा वाटा किती, ते चौथ्या प्रश्नापर्यंत सगळ्यांच्या लक्षात येतं आणि खोलीतला हशा थांबतो. पत्रकारांना हेच वेगळ्या रीतीने विचारा: तुम्ही बाईंचा फोन लावला, नवऱ्याने उचलला, बातमीत अवतरण कोणाच्या नावे छापलंत?

परीक्षा

निबंध मागू नका. ‘कुटुंब हा समाजाचा पाया आहे’ या वाक्याने सुरू होणारे चाळीस पेपर तपासावे लागतील. त्याऐवजी प्रत्येकाला राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून कोणताही एक शासन निर्णय काढायला सांगा. त्यात ‘कुटुंब’ हा शब्द जिथे आला असेल तिथे खूण करायची, व्याख्या उतरवायची, आणि दुसऱ्या तासाचं ते काल्पनिक घर त्या व्याख्येतून गाळून बघायचं: कोण आत राहिलं, कोण बाहेर गेलं, सही कोणाची लागली, पैसे कोणाच्या खात्यात गेले, खेटे कोणी घातले. दोन पानं पुरतात. व्याख्याच दिलेली नाही असा निर्णय कोणाला सापडला तर त्याला जास्त गुण द्या. तिथे कुटुंब म्हणजे कोण हे टेबलापलीकडचा कारकून ठरवतो, आणि त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाआधी त्या कारकुनाला भेटून यायला सांगा.